आज हे बघ, उद्या मला सांग

सुमनवहिनींचा फोन आला तेव्हा सकाळचे साडेदहा वाजले होते आणि मी डाळ धूत होते. "शालू, अण्णा गेले गं," एवढंच त्या म्हणाल्या. नाश्ता करून खुर्चीत बसला होता, पाणी मागितलं, आणि वहिनी पाणी घेऊन येईपर्यंत सगळं संपलं होतं. मी ओल्या हातानेच खाली बसले. आणि खरं सांगते, कारण खोटं लिहायचं असेल तर हा लेख लिहिण्यात अर्थ नाही... माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते असं, की आता त्या मालिकेचे उरलेले पाच भाग बघायला नकोत. आठ भागांची मालिका त्याने माझ्या गळ्यात मारली होती. मी कसेबसे तीन बघितले होते आणि उरलेल्यांसाठी तो दोन दिवसांपासून मागे लागला होता. दुःख नंतर आलं. आधी सुटका वाटली, मग त्या सुटकेची लाज वाटली, आणि मग राग आला. तो राग महिना उलटून गेला तरी गेलेला नाही.

पांडूअण्णा माझा चुलतभाऊ, माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठा. आमचं घराणं रंगाऱ्यांचं. आजोबा-पणजोबांनी म्हैसुरात कापड रंगवलं, छापलं. माझ्या वडिलांनी ते सोडून कचेरीत नोकरी धरली आणि पुढे मी शाळेत गणित शिकवायला लागले. काकांनी मात्र शेवटपर्यंत अग्रहार भागातल्या घराच्या मागच्या अंगणात रंगाची भांडी चढवली. त्यांच्यानंतर अण्णाने ती भांडी खाली उतरवली, पुढच्या खोलीत फळ्या ठोकल्या आणि व्हिडिओ कॅसेटची लायब्ररी काढली. नात्यातल्या लोकांनी नावं ठेवली. पण दोन वर्षांत असं झालं, की नजरबादच्या सरकारी क्वार्टर्समधल्या बायकाही रिक्षा करून त्याच्याकडे यायच्या.

त्याची एक खोड होती. तुम्ही मागाल ते तो द्यायचाच नाही. समोरच्या माणसाकडे बघायचा, घरात कोण आलंय, कोण आजारी आहे, जेवणानंतर सगळे एकत्र बसतात का, असं काहीबाही विचारायचा आणि मग मागे हात घालून भलतीच कॅसेट काढायचा. "ते बेडा. तुम्हाला नको ते. हे न्या." एकदा एका बाईंच्या घरी सासरे जाऊन पंधरा दिवस झाले होते. त्या देवाधर्माचं काही मागायला आल्या तर याने त्यांना पोट धरून हसवणारा सिनेमा दिला. मी तिथेच होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाई चार दिवसांनी परत आल्या आणि म्हणाल्या, सासूबाई पहिल्यांदा पोटभर जेवल्या. अण्णाने माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच त्याला नापास केलं होतं.

अशी माणसं बरोबर निघतात याचा घरच्यांना फार त्रास होतो. कॅसेट गेल्या, सीडी आल्या, सीडी गेल्या. दुकान बंद झालं, पण त्याचं सुचवणं बंद झालं नाही. ते फोनवर सुरू झालं. नात्यात कुणाला ताप आला, कुणाचं ऑपरेशन झालं, कुणी निवृत्त झालं, की अण्णाचा फोन ठरलेला. "घरीच आहेस ना? मग आज हे बघ."

गेल्या वर्षी पावसाळ्यात माझ्या घोट्याचं हाड मोडलं आणि मी आयती त्याच्या तावडीत सापडले. मुलगा परदेशात, मिस्टर जाऊन सहा वर्षं झालेली, स्वयंपाकाला एक बाई येऊन जायच्या. तीन महिने घरात. रोज अकराला फोन यायचा. आज हा सिनेमा, उद्या ती मालिका, परवा कुणा म्हाताऱ्याचं आकाशवाणीवरचं भाषण. मला शब्दकोडी आवडतात, भरतकाम आवडतं, नुसतं पडून राहायलाही आवडतं. ते त्याच्या हिशेबातच नव्हतं. आणि नुसतं बघून भागायचं नाही. दुसऱ्या दिवशी परीक्षा.

"सुरुवातीला घर दाखवलंय, त्याचं दार कुठल्या रंगाचं?"

"मला काय माहीत, अण्णा! दार होतं."

"म्हणजे तू सुम्मने बघितलंस. नुसतं डोळ्यांसमोरून जाऊ दिलंस. ती बाई निघून जाते तेव्हा मागे वळते का?"

"वळते."

"लगेच वळते की थांबून?"

"तू बघितलायस ना? मग मला कशाला विचारतोस?"

"मी बघितलाय. तू बघितलास का, ते बघतोय."

तीस वर्षं मी पोरांच्या परीक्षा घेतल्या. साठी उलटल्यावर कुणी माझी रोज घ्यावी, तीही लुगड्याच्या काठाच्या रंगावरून, हे मला सहन होईना. मी भांडायचे. बाई थांबून वळली की लगेच, यावर आमची पाऊण-पाऊण तास हुज्जत चालायची आणि शेवटी मी चिडून तो प्रसंग सगळा, अगदी करून दाखवल्यासारखा सांगायचे. "आयतु," तो म्हणायचा, झालं म्हणायचा, आणि फोन ठेवायचा. पाय बरा झाला तरी हे थांबलं नाही.

दसऱ्याच्या आधी त्याने मला एक सिनेमा सुचवला. डोंगरातल्या गावातल्या एका शिंप्याची गोष्ट आहे, इतकंच सांगितलं. "अप्रतिम आहे, मी दोनदा बघितला." मी बघितला नाही. घरात सणाची आवराआवर, माझा दुखरा पाय, आणि मुख्य म्हणजे कंटाळा. दुसऱ्या दिवशी अकराला फोन वाजला आणि मी खुशाल खोटं बोलले. स्वयंपाकघरात उभी राहून मी एक गोष्ट रचली. शिंप्याची मुलगी लहानपणी घर सोडून गेलेली. तो दर वर्षी तिच्यासाठी एक फ्रॉक शिवतो, पण ती गेली त्याच वयाच्या मापाचा. शेवटी ती येते, चाळिशीची बाई होऊन. तो तिच्या हातात फ्रॉक देतो. ती घरभर बघते आणि उघड्या खिडकीला तो फ्रॉक पडद्यासारखा बांधते. माझ्या समोर माझाच खिडकीचा पडदा होता, म्हणून सुचलं असेल.

मला वाटलं पकडले गेले.

"रंग?" त्याने हळूच विचारलं.

"पिवळा."

"कसला पिवळा? हळदीचा की शेवंतीचा?"

"उन्हाने विटलेला," मी म्हटलं.

त्याने ते दोन शब्द तोंडातल्या तोंडात म्हणून बघितले. मग म्हणाला, "छान सांगितलंस, शालू. फार छान."

मी फोन ठेवला आणि माझं डोकं फिरलं. दोनदा बघितलेल्या माणसाने मला पकडलं कसं नाही? म्हणजे याने बघितलेलाच नाही! न बघितलेले सिनेमे हा माणूस मला बघायला लावतो आणि वर परीक्षा घेतो? दुसऱ्याच दिवशी मी रिक्षा केली आणि त्याला रंगेहाथ पकडायला अग्रहारात गेले.

दार उघडंच होतं. वहिनी देवळात गेल्या होत्या. अण्णा खुर्चीत टीव्हीकडे तोंड करून बसला होता. टीव्ही चालू होता, पण त्यावर चित्र नव्हतं. नुसता निळा पडदा आणि सिग्नल नसल्याची एक ओळ. आवाजही नाही. आणि हा त्या निळ्या पडद्याकडे मान किंचित पुढे करून बघत होता.

"काय बघतोयस, अण्णा?"

तो दचकला. "शालू? ये, बस. बातम्या... आता जाहिराती लागल्यात."

मी चपला दाराशीच काढल्या. त्याच्यापासून दोन हातांवर जाऊन उभी राहिले. त्याची नजर मी आधी उभी होते तिथेच, दाराशी होती.

काचबिंदू. तीन वर्षांपूर्वी कळला तेव्हाच उशीर झाला होता. कडेकडेने दिसायचं कमी होत गेलं आणि गेल्या वर्षभरात मधलंही गेलं. उजेड आहे की अंधार, इतकंच कळायचं. वहिनींना त्याने शपथ घातली होती. कुठला सिनेमा चांगला आहे ते तो रेडिओवर ऐकायचा, केस कापायला जायचा तिथे विचारायचा, वहिनींकडून पेपर वाचून घ्यायचा. मग आम्हाला सुचवायचा. आणि आम्ही सांगू तसा तो बघायचा.

मी ओरडले. आजारी, म्हाताऱ्या माणसावर ओरडू नये, पण ओरडले. "मला का नाही सांगितलंस? मी रोज येऊन नीट सांगितलं असतं!"

"म्हणूनच नाही सांगितलं," तो म्हणाला. "ही सांगते ना. 'तो आला, ती रडली, मग लग्न झालं.' बिचारी दमते, मला कळतं. दया करून सांगणाऱ्याचं ऐकवत नाही गं. तू भांडतेस. भांडताना माणूस सगळं सांगतो."

मला तेव्हाच सांगता आलं असतं की शिंप्याची गोष्ट माझी आहे. मी तोंड उघडलंही. तेवढ्यात तो म्हणाला, "तो शिंप्याचा सिनेमा मी कालपासून चार जणांना सांगितला. विटलेला पिवळा... आमच्या बाबांना तो रंग कधी मुद्दाम जमला नाही. उन्हालाच जमतो." मी तोंड मिटलं.

त्या दिवसापासून मी चांगली वागायला लागले आणि सगळं बिघडलं. मी वही घेऊन बघायला बसायचे. दाराचा रंग, साडीचा काठ, कोण कुठे वळलं, सगळं टिपायचे आणि अकरा वाजता वाचून दाखवायचे. तो मध्ये अडवायचा, मी शांतपणे उत्तर द्यायचे. आठ दिवसांत तो वैतागला. "तू निवडणुकीचा निकाल सांगितल्यासारखं सांगतेस." मी त्याला कथा वाचून दाखवणारं यंत्र आणून दिलं, ते त्याने उघडलंही नाही. "त्याच्याशी भांडता येतं काय?" मी मनातल्या मनात चिडायचे. इतकं करतेय, तरी याचं समाधान नाही. पण तो बरोबर होता. मी दया करत होते आणि माझ्या आवाजात ती त्याला ऐकू येत होती. मग मी फोन टाळायला लागले. पाय दुखतो, पाहुणे आलेत, वीज गेलीय. संक्रांतीनंतर त्याने ती आठ भागांची मालिका सांगितली तेव्हा मी "बघते, बघते" म्हणाले, ते नुसतं फोन ठेवण्यासाठी.

वहिनींवरही मी चिडले. तीन वर्षं तुम्ही गप्प कशा राहिलात, म्हणून बाराव्याला त्यांना नको ते बोलले. त्या एवढंच म्हणाल्या, "मला सांगता येत नव्हतं गं. तुझा फोन ठेवला की ते दिवसभर खुशीत असायचे. ते मी कशाला मोडू?" याचाही मला रागच आला.

तेराव्याला हुणसूरहून एक गृहस्थ आले. तंबाखूचे जुने व्यापारी. पूर्वी आठवड्याच्या आठवड्याला बसने येऊन अण्णाकडून कॅसेट नेणारे. आता गुडघ्यांमुळे घरीच असतात, आणि अण्णा त्यांनाही फोन करून सुचवायचा हे मला माहीत नव्हतं. जेवणं झाल्यावर ते माझ्याजवळ आले आणि कन्नडमधून म्हणाले, "तुम्हीच ना त्या बहीण? शिंप्याचा सिनेमा बघितलेल्या?"

मी पदर सावरून हो म्हटलं.

"मी बघितला तो," ते म्हणाले. "त्यात फ्रॉक नाहीच हो. मुलगीही नाही. शिंपी दुकान विकतो आणि शहरात जातो, बस्स. मी दिवाळीच्या आधीच फोन करून पांडूला सांगितलं, की तुझ्या बहिणीने तुला फसवलं."

"मग... काय म्हणाला तो?"

"हसला. किती हसला! म्हणाला, मला ठाऊक आहे. आणखी दोघांनी सांगितलं. पण तिने बघितला तोच मी लोकांना सांगणार. तोच चांगला आहे."

म्हणजे दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत हा मनुष्य मला रोज फोन करत होता, माझी ती नीरस टिपणं ऐकत होता, आणि त्याला ठाऊक होतं! एकदा तरी त्याने म्हणायचं होतं, 'शालू, आणखी एक खोटं सांग.' मी सांगितलं असतं. रोज एक रचून सांगितला असता. दाराला हवा तो रंग दिला असता. त्याने विचारलं नाही आणि मी कबूल केलं नाही, आणि आम्ही दोघंही तीन महिने फोनच्या दोन टोकांना कंटाळत बसलो... कुणावर चिडू आता?

ते गृहस्थ जायला निघाले आणि पुन्हा वळले. "बाई, तो शेवट मला पुन्हा सांगाल का? पांडूने सांगितला होता, पण नीट लक्षात राहिला नाही. घरी बायकोला सांगायचा आहे."

अंगणात पाहुण्यांची ये-जा चालू होती. मी तिथेच उभी राहून सांगायला लागले. मुलगी येते, तो फ्रॉक देतो, ती घरभर बघते. ते हात जोडून, मान हलवत ऐकत राहिले. रंग कसला, ती लगेच वळते की थांबून, खिडकी कुठल्या बाजूला... मी प्रत्येक ठिकाणी जरा थांबत होते. त्यांनी काही विचारलं नाही. मी शेवटपर्यंत सांगितलं, आणि मला कुणीही एकदासुद्धा अडवलं नाही.