अण्णांनी सांगितलेला शेवट

मार्चमधला दुसरा रविवार. हजर: कुलकर्णी सर, शारदाताई, औषधांच्या दुकानाचे इरफानभाई आणि मी. गैरहजर: अंबादासअण्णा.

एवढं लिहिलं आणि पेन खाली ठेवलं. आमच्या वाचनमंडळाची हजेरी मीच लिहिते, आणि अण्णांच्या नावापुढे हा शब्द मी त्याआधी कधी लिहिलेला नव्हता. सरांच्या क्लासची खोली रविवारी रिकामी असते, तिथे आम्ही जमतो. कुलूप उघडायचं, बाकं फिरवून गोल करायची, पंखा चालतो का बघायचं, ही कामं अण्णांची. त्या दिवशी दाराला कुलूप तसंच होतं. माझ्याजवळच्या जादा किल्लीनं ते उघडलं, बाकं आम्हीच ओढली. शारदाताई म्हणाल्या, "अण्णाला फोन लावा की. झोपला आसंल." मी नंबर काढतच होते, तेवढ्यात त्याच नंबरावरून फोन आला. पलीकडे अण्णांची मुलगी, सुजाता. "मावशी, नान्ना गेले," ती म्हणाली. तेलुगू घर, वडलांना ती नान्नाच म्हणायची. "आज सकाळी. चहा घेताना…" पुढचं मला नीट ऐकू आलं नाही. शारदाताईंनी सोडायला घेतलेली कडक भाकरीची पुरचुंडी पुन्हा गाठ मारून पिशवीत ठेवली.

याला आता काही आठवडे झालेत. रडून झालं, भेटायला जाऊन झालं. जे बाजूला सरत नाही, त्याबद्दल लिहिते आहे. मला अण्णांचा संशय होता. ते होते तेव्हाही होता, आणि अजून आहे.

अण्णा चादरीच्या कारखान्यात नक्षी काढायचे. मोर, हत्ती, वेलबुट्टी, सगळं आधी चौकड्यांच्या कागदावर. माणूस बोलघेवडा, मिशीला जपणारा आणि थोडा बढाईखोरसुद्धा. स्वतःच्या गोष्टीवर आधी स्वतःच हसणारा. मी कॉलेजच्या ऑफिसात हेडक्लार्क आहे हे कळल्यापासून त्यांनी माझं नाव कधी घेतलं नाही. "काय हेडक्लार्कबाई, आज आमची रजा मंजूर का?" हे दर रविवारी. त्यांना पुस्तकं बांधायचा नाद होता. कारखान्यातले चादरीचे तुकडे आणायचे आणि जुन्या पुस्तकांना त्याचंच जाड कव्हर घालायचे. ती पुस्तकं कधी नीट मिटत नसत. उशीसारखी फुगलेली असत. सर म्हणायचे, "अण्णा, हे वाचायचं आहे की पांघरायचं?" अण्णा म्हणायचे, "थंडीत दोन्ही."

मंडळ सुरू झालं तेच अण्णांच्या एका पुस्तकावरून. 'तांबड्या चंद्रावरचे दोघे'. अंतराळातल्या साहसांची एक परदेशी चित्रपटमालिका आहे. तिचा पहिला सिनेमा चालला, तेव्हा दुसरा निघेल की नाही कुणालाच माहीत नव्हतं. त्या मधल्या काळात कुणीतरी घाईनं लिहिलेली कादंबरी, आणि तिचा हा मराठी अवतार. अण्णांनी तो सिनेमा तरुणपणी मॅटिनीला पाहिला होता, आणि हे पुस्तक त्याच सुमारास स्टेशनजवळच्या रद्दीच्या दुकानातून उचललं होतं. गोष्ट सरळ आहे. एक वैमानिक आणि त्याचा यंत्रज्ञ तांबड्या चंद्रावरच्या खाणीत अडकतात. यान बाहेर काढायचं तर खाणीचं दार कुणीतरी आतून धरून ठेवायला हवं. यंत्रज्ञ मागं राहतो. वैमानिक सांगून जातो, मी परत येतो. पुढच्या सिनेमांत वैमानिक मोठा सेनापती झाला, त्याला दुसरे सोबती मिळाले. यंत्रज्ञाचं नावही कुणी घेतलं नाही. म्हणजे त्याचं पुढे काय झालं, हे फक्त या पुस्तकात.

पहिल्या सभेला अण्णांनी पुस्तक वर धरून दाखवलं. तेव्हा त्याला चादरीचं कव्हर नव्हतं, पानं सुटत आलेली होती. ते म्हणाले, "मधलं जरा रटाळ आहे. पण शेवटासाठी वाचा, शेवट वाचल्यावर मला सांगा." मग आम्ही आपापली ओळख करून दिली. शारदाताईंची पाळी शेवटी आली. त्या कुंभारीला राहतात, अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या, माहेर सांगोल्याकडचं, मेंढरं राखणारं. त्यांनी आपल्याबद्दल दोनच वाक्यं सांगितली, उरलेली भावाबद्दल. धाकटा भाऊ तानाजी मोहोळहून ट्रकवर क्लीनर म्हणून गेला तो परत आला नाही. ट्रक आला, डायवर आला, तानाजी नाही. "डायवर म्हणला, वाटंत उतरला. कुटं उतरला ते सांगंना. दरसाल त्याचा एक सदरा धुऊन ठिवते मी. यील तवा घालायला लागंल की." अण्णांनी टेबलावरचं पुस्तक उचललं आणि पिशवीत घातलं. "बांधून आणतो," म्हणाले, "असं कुणाच्या हातात द्यायचं नाही."

नव्या माणसाला पहिली पाळी, हा मंडळाचा नियमही त्याच दिवशी त्यांनीच काढला. यादीत शेवटचं नाव, म्हणून सर्वांत नव्या शारदाताई. पुढच्या रविवारी चादरीच्या निळ्या तुकड्यात बांधलेलं पुस्तक त्यांच्या हाती आलं आणि अण्णा म्हणाले, "एक राहिलं. शेवटची सोळा पानं नाहीत यात. रद्दीवाल्याकडेच गळालेली. पण मला पाठ आहे, मी सांगतो."

मी वरच्या दोन्ही सभांचं टिपण लिहिलं होतं. एका सभेत 'शेवटासाठी वाचा' आणि पुढच्या सभेत शेवटच नाही, हे मला खटकलं. पुस्तक माझ्या पाळीला आलं तेव्हा मी शिवण पाहिली. शेवटी कापलेल्या कागदाची बोटभर पट्टी राहिली होती, दोऱ्यात ओवलेली, आणि दोरा नवा होता. पानं रद्दीत गळाली असती, तर पट्टी कशी राहिली? मी अण्णांना विचारलं. "कापणाऱ्याला विचारा की," ते म्हणाले आणि पंख्याचं रेग्युलेटर फिरवायला उठले.

तेव्हा मी कारण असं धरलं, की या माणसाला गोष्ट सांगायचा मान हवा आहे. पुस्तक कुणीही वाचावं, शेवटासाठी मात्र अण्णांकडेच यावं. कारण तसंच घडायचं. मंडळाच्या वाढदिवसाला, एप्रिलमध्ये, आम्ही दरवर्षी त्याच पुस्तकावर पुन्हा मतं देतो; आधी अण्णा उभं राहून शेवट सांगायचे, मग एकेकजण बोलायचा. अण्णांचा शेवट असा: वैमानिक परत येतो. खाणीच्या दाराशी यंत्रज्ञ एक जुना दिवा दुरुस्त करत बसलेला असतो. तो मान वरही करत नाही. म्हणतो, "उशीर केलास." बस. अण्णा इथं थांबायचे, आवाज खाली आणून. शारदाताई प्रत्येक वेळी पदरानं चष्मा पुसायच्या.

मतांचं म्हणाल तर इरफानभाईंना पुस्तकातल्या यानाची इंजिनं पटत नसत. एवढ्या इंधनात एवढं अंतर शक्य नाही, असा त्यांचा दरवर्षीचा हिशेब. सरांचा आक्षेप निराळा. "पुढच्या सिनेमांनी ज्याची दखलही घेतली नाही, तो माणूस खरा कसा धरायचा? ही कादंबरी आता रद्दच समजायची." अण्णा एकदम पुढे सरकले होते. "सर, पुढचे विसरले म्हणून माणूस नव्हता का?" बोलताना अण्णांचा डोळा सरांकडे नव्हता, शारदाताईंकडे होता, हे मी पाहिलं.

आणि माझं मत? दरवर्षी एकच. शेवट गोड आहे, ओढूनताणून आणलेला आहे; आधीची सगळी गोष्ट इतकी कोरडी, आणि शेवटी असा पाझर कुठून? वैमानिक परत जायला नको होता. एका वर्षी मी हे जरा जोरात बोलले. अण्णा मिशीतून हसले. "बाई, तुम्ही लेखकाला बोलताय का मला?"

"दोघांनाही."

"लेखकाची कातडी जाड असते. माझी नाही हो." मग मतदान झालं. शेवट चांगला म्हणणारे सगळे, विरोधात मी. "बरं, पुढच्या साली बघू," अण्णा म्हणाले आणि शेंगाचटणीचा डबा माझ्यापुढे सरकवला.

अण्णांच्या दिवसांचं सगळं उरकल्यावर मी सुजाताला भेटायला गेले. तिनं मंडळाची पुस्तकं एका गाठोड्यात बांधून ठेवली होती. सगळ्यात वर ते निळं. मी म्हटलं, एप्रिलची सभा जवळ आली, यंदा शेवट कोण सांगणार, प्रश्न आहे. तू ऐकलाच असशील लहानपणी, तूच ये. ती म्हणाली, "मी सांगू? पण तो तर परत जातच नाही ना, मावशी. मी रडायचे म्हणून नान्नांनी ते पुस्तक माळ्यावर टाकलं होतं." आणि माझ्याकडे बघून थांबली. "का? तुम्हाला काय सांगितलं त्यांनी?"

मी विषय बदलला. घरी आल्यावर मात्र स्वस्थ बसवेना. चौकशी केली. कुर्डुवाडीला रेल्वेतल्या एका निवृत्त गृहस्थांकडे या पुस्तकाची पूर्ण प्रत असल्याचं इरफानभाईंच्या मेव्हण्याकडून कळलं. पुढच्या सभेत ठरलं की यंदा शेवट छापील वाचायचा, अण्णांची आठवण म्हणून; आणि पानं मिळवायचं काम अर्थातच माझ्याकडे. सुटी टाकून गेले. गृहस्थांनी पाणी दिलं, पुस्तक दिलं, झेरॉक्सचं दुकान दाखवलं. ती सोळा पानं मी दुकानाच्या पायरीवर उभ्यानंच वाचली.

वैमानिक निघतो. तांबडा चंद्र खिडकीत दिसेपर्यंत येतो. खाणीच्या दाराशी दिवा अजून जळतो आहे, तेही त्याला दिसतं. तेवढ्यात वरून हुकूम येतो, आणि तो यान वळवतो. खिडकीची झडप लावून घेतो. दिव्याचं काय झालं, पुस्तक सांगत नाही.

शेवट उत्तम आहे. मी इतकी वर्षं जो मागत होते, अगदी तोच. अण्णांना हे ठाऊक होतं. दर एप्रिलला मी उभी राहून म्हणायचे की वैमानिक परत जायला नको होता, आणि समोर बसलेला हा माणूस, एकटाच, जाणून होता की मी बरोबर आहे. आणि माझ्याविरुद्ध हात वर करत होता! एवढी मतं, एवढे वाद, सरांचे आक्षेप, सगळं अण्णांच्या मनातून निघालेल्या दोन शब्दांवर. आम्ही एका पुस्तकाचे वाचक आहोत असं समजत होतो. आम्ही अण्णांचे श्रोते होतो.

त्यांनी पानं शारदाताईंसाठी कापली, असं म्हणायचा मोह होतो. सदऱ्याची गोष्ट ऐकली, पुस्तक पिशवीत घातलं, आठवड्यात कात्री चालवली. सगळं जुळतं. पण मला सगळं जुळलं की जास्तच शंका येते. पहिल्या वर्षीची दया समजते, पण पुढच्या वर्षांचं काय? आवाज खाली आणून ते थांबणं, टाळ्या घेणं, ते अण्णांना आवडत नव्हतं असं मी शपथेवर सांगणार नाही. आणि एखाद्या बाईला दरवर्षी 'तो येतो' असं ऐकवणं ही दया असते का? तानाजीचा सदरा अजून दरसाल धुतला जातो… विचारायला अण्णा नाहीत. असते तरी उठून पंखाच कमी-जास्त केला असता.

परवा शारदाताईंचा फोन आला.

"वर्षाताई, कुर्डुवाडीला गेला हुता म्हणं?"

"हो, जाऊन आले."

"घावली का पानं?"

खोटं बोलायला मला जमत नाही. "घावली," म्हटलं.

त्या म्हणाल्या, "अण्णा पैल्या साली सांगताना लई अडखळला हुता बगा. पाठ आसलेलं माणूस आसं अडखळतं व्हय? 'उशीर केलास' तर दुसऱ्या साली आलं. पैल्या साली खाणीतला त्यो 'बस, च्या ठिवतो' म्हणला हुता."

मी माझी टिपणं आठवायला लागले. तिथं फक्त 'अण्णांनी शेवट सांगितला' एवढंच आहे.

"ताई, मग तुम्ही कधी…"

"काय इचारायचं त्यात? येवडं जीव लावून सांगतंय माणूस." आणि मग, "पानं दुसऱ्या कुणाच्या हातात दिऊ नका. तुमीच वाचा. तुमी वाचाल तसं ऐकू आमी."

तसं म्हणजे कसं, हे त्यांनी सांगितलं नाही. छापलंय तसं, की अण्णांनी सांगितलं तसं? मला पानं घेऊन उभं करून त्या काय ऐकणार आहेत? पहिल्या सालापासून त्या सगळं जाणून होत्या की काय, असा आता मला त्यांचाही संशय येतो, आणि तो अण्णांवरच्या संशयापेक्षा जड आहे.

सभा येत्या रविवारी आहे. खोलीची किल्ली माझ्याकडे आहे. बाकं इरफानभाई लावणार आहेत, चहाचं सांगून झालंय, सुजाता येते म्हणाली आहे. निळं पुस्तक टेबलावर आहे, नेहमीसारखं अर्धवट मिटलेलं, मागच्या पुठ्ठ्याशी बोटभर उघडं. कापलेल्या पट्टीशी मी झेरॉक्सची पानं लावून पाहिली. बरोबर बसतात. सुईत दोरा ओवून ठेवला आहे.

शिवायची तेवढी राहिली आहेत.