विभूती कपाळाला

माझं शिक्षण चौथीपर्यंत. पुढे लग्न झालं आणि शाळेचा विषय संपला. केजमध्ये मी बरीच वर्षं बाळंतिणींचं काम केलं. बाळंतपण करणं वेगळं, ते सुईणीचं काम. माझं काम त्यानंतरचं. बाळंतिणीचं अंग चोळायचं, तिला कढत पाण्यानं न्हाऊ घालायचं, बाळाला पायावर घेऊन धुवायचं, बाजेखाली शेगडी ठेवायची, ओव्याची धुरी द्यायची. सव्वा महिना, रोज सकाळी. लोक ह्याला पुण्याचं काम म्हणतात. ते पाठ मोडणारं काम आहे. पुण्याचं मला माहीत नाही.

त्या वर्षांत गावात केबल आली, टेलिफोनचे पिवळ्या पाट्यांचे गाळे आले, शाम्पू पुडीत मिळायला लागला. आमच्या कामात मात्र सगळं जुनंच चाललं होतं. मग एकदा आरोग्य केंद्राच्या नर्सबाईंनी आम्हा घरोघर जाणाऱ्या बायकांना युसूफ वडगावला बोलावलं. आम्ही जीपमध्ये एकमेकींच्या मांडीवर बसून गेलो. साड्या वाटणार आहेत असं कुणीतरी उठवलं होतं. साडी नव्हती. साबणाची वडी होती.

नर्सबाई पहिल्यांदा म्हणाल्या, "हातातल्या बांगड्या काढा."

एकच गलका झाला. माझ्या शेजारची म्हणाली, "कावून काढू? नवरा जिता हाय माजा!"

"असू द्या की जिता. बांगडीखाली मळ बसतो, तो साबणानं निघत नाही. तोच हात तुम्ही बाळाला लावता."

"आन् नवरा मेला मंग?"

"बांगड्या काढल्यानं नवरे मरत असते, तर निम्म्या गावानं कवाच काढल्या असत्या," नर्सबाई म्हणाल्या. सगळ्या हसल्या. शेवटी ज्यांना काढायच्या नव्हत्या त्यांनी कोपराकडे सारून पट्टीनं बांधायच्या असं ठरलं. मी सरळ काढल्या आणि कामाच्या वेळी कायमच काढत राहिले. नवऱ्याला काही झालं नाही. तो माझ्यापेक्षा ठणठणीत राहिला.

बाकीच्या गोष्टी साध्या होत्या. नखं कापायची. हात कोपरापर्यंत साबणानं धुवायचे आणि पदराला पुसायचे नाहीत. बोटाला गळू असेल, खोकला असेल, ताप असेल तर कामावर जायचं नाही. नाळ पडेपर्यंत बाळाला पाण्यात घालायचं नाही, ओल्या फडक्यानं पुसायचं. बेंबीला काही लावायचं नाही. तेल नाही, हळद नाही, शेणाची राख तर मुळीच नाही. राखेतून धनुर्वात होतो. आणि गरोदर बाईनं धनुर्वाताची सुई घ्यायची. आम्हीही घ्यायची, कारण आम्ही दहा घरच्या पत्र्याला, कोळशाला आणि खिळ्याला हात लावतो.

मी हे सगळं ऐकलं आणि खरं मानलं. तोंड मिटून गेलेली लेकरं मी पाहिली होती. ती कशानं जातात हे पहिल्यांदाच कुणी सांगत होतं.

त्याच सुमाराला बाजारातल्या एका किराणा-भुसाराच्या दुकानदाराच्या घरातून मला बोलावणं आलं. घर शिवभक्तांचं. गळ्यात लिंग, कपाळाला विभूती, सकाळच्या पूजेशिवाय चहा नाही. दुकानात आप्पा बसायचे, घरात त्यांच्या बायकोचा कारभार. तिला सगळी गल्ली काकू म्हणायची आणि घाबरायची. सून परळीची. तिला सातवा महिना होता, पाय सुजत होते, म्हणून मला आधीपासूनच पाय चोळायला ठेवलं.

ह्या सुनेचं पहिलं बाळंतपण माहेरी, परळीला झालं होतं. मुलगा झाला होता. दहा दिवसांच्या आत त्याचं तोंड मिटलं, दूध ओढेना, अंग ताठ झालं आणि तो गेला. काकू त्यावर येणाऱ्या-जाणाऱ्याला एकच सांगायची.

"परळीची हवाच खराब. विजेच्या कारखान्याच्या चिमनीतनं कोळशाची राख उडती तिथं, अंगणात थर बसतो. ती राख लागली लेकराला. म्हनून औंदा धाडलं न्हाई हिला माहेरी."

सून खाली मान घालून ऐकायची. एकदा मी पाय चोळत असताना ती हळूच म्हणाली, "मावशी, हे बी लेकरू गेलं तर मला ह्या घरात ठेवनार न्हाईत. ह्यांच्यासाठी दुसरी बघायची गोष्ट निघालती मागं."

"कुणी काढली?"

तिनं मानेनंच स्वयंपाकघराकडे दाखवलं.

मी तिला धीर वगैरे दिला नाही. धीर देऊन धनुर्वात थांबत नाही. मी विचारलं, "मागच्या वेळी सुई घेतली होतीस?"

"न्हाई. आत्यानं घिऊ दिली न्हाई." आत्या म्हणजे तिची सासू, काकू.

दुसऱ्या दिवशी मी नर्सबाईंना घेऊनच आले. काकूनं दारातच अडवलं. "गरवार बाईला कुटं सुई टोचत्यात? पोटातलं लेकरू बिचकतं."

नर्सबाईंनी समजावलं. काकू ऐकेना. म्हणाली, आम्हाला पाच लेकरं झाली, सुई कशी असते ते बघितलं नाही. तरी तिच्या बाजूनं वाट काढून आत येऊन नर्सबाईंनी काचेची पिचकारी आणि सुया भांड्यात घातल्या, घरातल्याच शेगडीवर उकळत ठेवल्या. पाणी उकळलं. मग मी पदर बाजूला केला आणि दंड पुढे केला.

"आधी मला टोचा."

काकू माझ्याकडे बघतच राहिली. "तुला कुटं दिवस गेलेत गं ह्या वयात?"

"दिवस नाही गेले. पण माझे हात हिच्या अंगाला लागणार आहेत. मला नको का?"

"लई शानी हायस."

"शहाणी असते तर ह्या कामात कशाला पडले असते."

दुकानाकडच्या दारातून आप्पा हसले. नर्सबाईंनी मला सुई दिली. दुखलं, तरी मी तोंड वाकडं केलं नाही. मी उठायच्या आत सून येऊन माझ्या जागेवर बसली आणि तिनं दंड पुढे केला. काकू म्हणाली, "अगं अगं!" तोवर झालं होतं. महिन्यानं दुसरी सुई झाली, तेव्हा काकू देवघरात जाऊन बसली. म्हणजे तिनं पाहिलं नाही, आणि न पाहिलेल्या गोष्टीला ती जबाबदार नव्हती.

बाळंतपण केजलाच, दवाखान्यात झालं. मुलगा झाला. तिसऱ्या दिवशी बाळ-बाळंतीण घरी आली. मी न्हाणीत साबण ठेवला, बांगड्या खुंटीला अडकवल्या आणि हात धुवून बाळाला पुसायला घेतलं. नाळ अजून ओली होती.

काकू देवघरातून पितळेची डबी घेऊन आली. त्यात विभूती. तिनं बाळाच्या कपाळाला बोट लावलं. त्याला माझी हरकत नव्हती. मग तिनं चिमूटभर घेऊन बेंबीकडे हात नेला. मी तिचं मनगट धरलं.

"तिथं नाही, काकू."

"हात सोड. आमच्या घरची रीत हाय. बेंबी लवकर वाळती."

"राख आहे ती."

"राख? ही काय परळीच्या चिमनीची राख हाय का? देवाची विभूती हाय, घरची, चोख!"

"कशाची केलेली?"

"शेनाच्या गोवऱ्यांची. आनिक कशाची करत्यात?"

मी तिचं मनगट सोडलं नाही. म्हणाले, "मागच्या वेळी परळीला बेंबीला काय लावलं होतं?"

काकूच्या आधी बाजेवरून सून बोलली. त्या घरात मी तिचा आवाज पहिल्यांदाच मोठा ऐकला.

"हीच डबी. आत्यानं माझ्यासंगं धाडलीती. आई लावत नव्हती, तर निरोप धाडला, रोज लाव म्हनून."

काकूचा चेहरा लाल झाला. "मंजी मी मारलं का लेकराला? असं म्हनायचंय तुला?"

"तुम्ही नाही," मी म्हणाले. "राखेनं मारलं. पण राख आता तुमच्या हातात आहे."

"चल नीघ! नीघ माझ्या घरातनं!"

मी निघाले नाही. माझ्या मांडीवर बाळ होतं. काकू त्याला उचलायला वाकली, तर सून बाजेवरून उतरली. तीन दिवसांची बाळंतीण, पायात त्राण नाही. तिनं खाली बसून बाळाच्या पोटावर आपला पंजा पालथा ठेवला.

"आत्या, कपाळाला किती बी लावा. हितं न्हाई. हितं लावायचं आसंल तर आधी मला परळीला लावून द्या, लेकरासंगं."

काकूनं आप्पांना हाक मारली. आप्पा आले, सगळं ऐकलं आणि त्यांना दुकानात काहीतरी आठवलं. मग काकूनं घरच्या गुरूंना, जंगमस्वामींना, बोलावणं धाडलं. बाळाच्या गळ्यात लिंग बांधायला ते येणारच होते, ते बोलावणं जरा लवकर गेलं. स्वामींपुढे सुनेची आणि माझी जिरवायची, हा तिचा बेत होता. स्वामी म्हातारे होते, सावकाश बोलायचे. ते येईपर्यंत सूनही उठली नाही आणि तिचा हातही हलला नाही.

काकूनं सगळी तक्रार एका दमात सांगितली. आजकालच्या पोरींना विभूती चालत नाही इथपर्यंत गेली.

स्वामींनी विचारलं, "कपाळाला लावू देत न्हाईत का?"

"कपाळाला देत्यात की. बेंबीत लावू देत न्हाईत."

"बेंबीत?" स्वामी म्हणाले. "बेंबीत घालायला कुनी सांगितलं तुमाला?"

"माझ्या सासूनं."

"तिला कुनी सांगितलं?"

"ते काय ठावं मला? आता कुटं इचारायला जाऊ तिला?"

"मंग ऱ्हाऊ द्या. विभूती कपाळाला लावायची, गळ्याला, दंडाला. जखमेत भरायला ती काय औषध हाय?" आणि ते बाळाकडे हात पुढे करणार, तेवढ्यात मी म्हणाले, "स्वामी, आधी हात धुवा." काकूनं कपाळावर हात मारला. स्वामी मात्र उठून न्हाणीत गेले आणि साबण लावून आले.

 पहिलं बाळ ज्या दिवसांत गेलं तेच दिवस चालू होते आणि सगळ्यांना ते माहीत होतं. आप्पा दुकानातून उगाच घरात चकरा मारायचे. सून बाळाला छातीशी धरून त्याच्या तोंडाकडेच बघत बसायची. काकू दाराशी यायची आणि मला विचारायची नाही, पण मी आपणहून सांगायचे, "ओढतंय दूध."

एका सकाळी मी आले तर बाळ झोपलेलं आणि सून भिंतीसारखी पांढरी. "मावशी, पहाटपासनं पेलं न्हाई. उठवलं तरी उठंना." काकू मागे उभी. मी हात धुतले. फडकं जरा गार पाण्यात पिळलं आणि बाळाचं अंग पुसायला घेतलं. बाळानं पाय ताणले. सुनेनं डोळे मिटून घेतले. आणि मग त्यानं तोंड उघडलं, टाळू दिसेपर्यंत उघडलं, आणि असं बोंबललं की दुकानातल्या गिऱ्हाइकांनी आत डोकावून पाहिलं. छातीला लावलं तर खेचून प्यायला लागलं. पोट भरलेलं असेल म्हणून झोपलं होतं, एवढंच. नाळ फडक्यातच पडली होती. खाली बेंबी कोरडी होती, वास नाही, पू नाही.

आप्पांनी दुकानातला गूळ उघडला आणि समोर येईल त्याला खडा दिला. हमालालाही दिला, उधारीवाल्यालाही दिला. काकू भिंतीला टेकून बसली.  परळीच्या हवेचा विषय त्या घरात पुन्हा निघाला नाही, आणि दुसऱ्या बायकोचाही नाही. बारशाला सुनेच्या आई-वडिलांना बोलावलं, पाटावर बसवलं आणि आहेर केला.

बारशाच्या दिवशी मी मागच्या दारानं आले तर पुढच्या दारात गोंधळ. काकू तांब्या आणि साबण घेऊन उंबऱ्यावर उभी. येणारी प्रत्येक बाई आधी हात धुणार, मगच बाळाला हात लावणार. पाहुण्या कुरकुरत होत्या. एका पुढाऱ्याची बायको जीपमधून उतरली, भरजरी पातळ, हातभर बांगड्या.

"वैनी, हात," काकू म्हणाली.

"आमी काय शेनातनं आलोत का?"

"तुमी कुटनं बी या. बांगड्या वर सारा. हं, कोपरापतूर. आनिक वर."

तिनं सारल्या. बाकीच्यांनी मग मुकाट्यानं रांग लावली.

बाळ दीड महिन्याचं झालं आणि ट्रिपलच्या, म्हणजे घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वाताच्या सुईची वेळ आली, तेव्हा सुनेला घरी ठेवून काकू स्वतः बाळाला घेऊन केंद्रावर गेली. रांगेत कुणी घुसलं म्हणून भांडली. सुया उकळल्यात का ते वाकून पाहिलं. बाळाला रात्री ताप आला तर त्याचा बाप डॉक्टरकडे निघाला. काकूनं त्याला बसवलं. "ताप येतच आसतो सुईनं. नर्सबाईनं सांगितलंय. गप बस, गोळी दिलीय तिनं."

माझा सव्वा महिना संपला होता, पण काकूनं मला बाळाच्या अंघोळीसाठी ठेवून घेतलं होतं, म्हणून दुसऱ्या दिवशीही मी कामाला गेले. हात धुतले आणि बाळाला घ्यायला वाकले, तर काकूनं मला थांबवलं.

"नखं दाव."

मी दाखवली. तिनं एकेक बोट उलटंपालटं करून पाहिलं. अंगठ्याचं नख जरा वाढलं होतं.

"काप ते. आन् पुन्यांदा धू."

मी कापलं आणि पुन्हा हात धुतले. वाद घालण्यात अर्थ नव्हता. घर तिचं होतं आणि नातू तिचा होता.