डाव्या अंगाचा हरण्या

मी जनावरांची चित्रं काढते. बहुतेक पुण्यातली कुत्री-मांजरं. मालकांना ती आहेत त्याहून देखणी हवी असतात. त्यामुळे लोणावळ्याला चिक्कीच्या दुकानात काम करणाऱ्या सुनंदाने वडिलांच्या बैलाचं चित्र काढाल का, असं विचारलं तेव्हा मी एका पायावर तयार झाले. हरण्या म्हातारा झाला होता, वैरणही सोडत चालला होता. बैल गेला नि झोपा केला असं व्हायला नको, म्हणून दुसऱ्याच दिवशी निघाले.

कामशेतला लोकलमधून उतरून एसटी धरली. आंदर मावळात ती जिथे थांबली, तिथून तासभर चाल. भातखाचरांच्या बांधावर रंगांची पेटी सांभाळता सांभाळता मी मात्र चिखलात बसले. सुनंदाची आई हसू दाबत पाय धुवायला पाणी घेऊन आली. मग तांदळाची भाकरी आणि खेकड्यांचं कालवण. मी लाज सोडून तीन भाकरी खाल्ल्या.

हरण्या फिकट तांबूस, काजळ घातल्यासारख्या डोळ्यांचा. बघताक्षणी जीव जडला. त्याला अंगणाच्या मधोमध उभा केला, कागदावरही मधोमध घेतला. पण पेन्सिल टेकली की पठ्ठ्या बाजूला सरके. तीनदा वेसण धरून ओढला, तीनदा सरकला. वैतागून मी सुनंदाच्या वडिलांना, आबांना, त्याला धरायला सांगितलं. ते जागचे हलले नाहीत.

"त्यो डाव्या अंगाचा बैल हाय," आबा म्हणाले. "जलमभर जोडीच्या चंद्र्याच्या डावीकडं चाललाय. औंदा चंद्र्या गेला. पर ह्यो अजून त्याची जागा सोडूनच हुबा ऱ्हातो."

माझा राग कुठल्या कुठे गेला. मी नवा कागद घेतला, हरण्याला त्याच्या डाव्या अंगाला काढलं. अर्धा कागद कोरा राहिला. चंद्र्याचं वर्णन सांगा, त्यालाही काढते, असं मी सुचवलं. आबांनी नकारार्थी मान हलवली.

"ह्यो हाय तवर जागा ऱ्हाऊ द्या."

चित्र त्यांच्याकडे ठेवून परतले. इतकी वर्षं मी प्रत्येक जनावर कागदाच्या मधोमध बसवलं, त्याच्या शेजारी कोण असतं हे एकदाही विचारलं नाही. लोकलमध्ये याची फार लाज वाटली.

पंधरा दिवसांनी सुनंदाच्या फोनवरून आबा बोलले. हरण्या गेला होता. ते म्हणाले, "आता या तुमी. चंद्र्या कसा हुता, मी सांगतो."