मार्थाच्या लग्नाची साडी

हा किस्सा आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे—पाठ करवलाय मीच. पण आजवर सांगत आले तो अर्धा. उरलेला नवऱ्यालासुद्धा ठाऊक नाही. तुम्हालाच पहिल्यांदा सांगतेय—जरा अडखळेन, चालेल ना?

सर्व संतांच्या सणाला आमच्या गोंदियाच्या चर्चमध्ये पोरं संतांचा वेश करून येतात. कुणाला कापसाची दाढी, कुणाला पुठ्ठ्याचा मुकुट. शिवणकाम माझ्याकडे. त्या वर्षी सौंदडहून मार्था आली. तिच्या रोशनीला संत आग्नेस व्हायचं होतं. मार्थानं पिशवीतून स्वतःच्या लग्नाची पांढरी साडी काढली. "कापा बिनधास्त, दीदी. पेटीत ठेवून का लोणचं घालू तिचं?"

माझी बबली व्हायची होती संत लुसी. तिचा झगा मी जाळला—इस्त्री कापडावर, फोन कानाला, तोंड चालू. बरं, बाजार उघडा होता. नवं कापड आणायला कितीसा वेळ लागला असता? पण—कसं सांगू—ती साडी मला आवडली होती. हात फिरवला की सोडवेना. ओळखू येऊ नये म्हणून काठ काढले, आणि अख्खी साडी लावून बबलीचा घेरदार झगा बेतला. मार्थाला म्हटलं, उंदरांनी कुरतडली.

ती म्हणाली, "जाऊ द्या, दीदी. उंदराईले काय समजते, साडी लग्नाची हाय का कशाची!"

सणाला रोशनी शाळेच्या गणवेशात आली. आग्नेसच्या हाती कोकरू असतं, म्हणून काखेत बकरीचं खरंखुरं पिल्लू. पोरं खिदळली, "अबे, हे संत कायची? हे तं बकरीवाली हाय!" तिनं पिल्लाच्या पाठीत तोंड लपवलं. मी पुढे झाले—घरी सांगताना इथे मी आवाज चढवते—म्हटलं, "ज्या संतांची नावं कोणालाच ठाऊक नाहीत, त्यांच्यातली आहे ही. आजचा सण त्यांचाही." फादरांनी तेच प्रवचनात घेतलं. सगळ्यांनी रोशनीसाठी टाळ्या वाजवल्या. पिल्लानं वेदीपुढे लेंड्या टाकल्या.

बाहेर आल्यावर मार्थानं बबलीचा झगा दोन बोटांत धरून पाहिला. "छान शिवला, दीदी." एवढंच. ओळखला असेल का तिनं? विचारायची हिंमत आजही नाही.

रोशनी आता नर्स आहे. दर सणाला तिचा पहिला फोन मला—"आंटी, त्या दिवशी तुम्ही नसत्या तर!" माझ्या ऑपरेशनला बबलीला सुट्टी मिळाली नाही, उशाशी रोशनी बसली. मार्था सौंदडहून डबा घेऊन येत राहिली. "खा, दीदी. बोलणं मंग." मी खाल्लं. जन्मात कधी नाही इतकी गप्प राहून खाल्लं.

परक्या कुणी एवढी माया केली नाही माझ्यावर. देवाचे आभार मानते, त्या दोघींचेही मानते—मनातल्या मनात.

उंदीर नव्हते. साडी मी कापली.