तिघींचा दुपारचा मधुमेह

समस्त ठाणेकरांना कळवण्यास अत्यंत खेद होतो, की आमच्या ओळखीच्या एका प्रसूती वॉर्डातल्या तीन नर्सना एकाच दुपारी, बघता बघता, मधुमेह जडला.

मी साक्षीदार आहे. भाचीला मुलगा झाला म्हणून मी तिथे मुक्कामालाच होते. सकाळी याच तिघींनी मला दारात अडवलेलं. "मावशी, पेढे दिल्याशिवाय बाळ दाखवणार नाही हां!" त्यातल्या खळीवाल्या सिस्टरने चार पेढे खाल्ले आणि पाचवा रुमालात बांधला. अशा पोरी मला फार आवडतात.

दुपारी कोपऱ्यातल्या बाळंतिणीची सासू बर्फी घेऊन आली. कळव्याची कोळीण, मासळी विकणारी, आवाज खणखणीत. नात झालेली. तिने खोका उघडून पहिल्या सिस्टरपुढे धरला.

"नको आजी, शुगर आहे मला."

दुसरीपुढे धरला. "मलाही."

खळीवाली तर मागेच सरकली. "माझी बॉर्डरला आहे."

मला हसू फुटलं. मग एकदम लक्षात आलं आणि ते जागच्या जागी विझलं. त्या सुनेला एचआयव्ही होता. अख्ख्या वॉर्डाला ते ठाऊक होतं, कारण खळीवालीनेच सकाळी आयाबाईंना दारातून ओरडून सांगितलं होतं, "कोपऱ्यातली पॉझिटिव्ह आहे गं, जपून!"

सून भिंतीकडे तोंड करून पडली होती, पण ऐकत होती. तिच्या बाळाला बघायला एकही सिस्टर हौसेने गेली नव्हती. आपल्या नातीसाठी इथल्या कुणीतरी एकीने तोंड गोड करावं, एवढंच म्हातारीला हवं होतं.

"दुकानातली हाय गो," ती म्हणाली. "माझ्या सुनेनं हातपन लावला नाय."

माझ्या कानाखाली कुणीतरी वाजवल्यासारखं झालं. खळीवालीलाही ते बसलं असावं. तिने हात पुढे केला, तो अर्ध्यातच थांबला. डोळे भरले.

"आजी, असं काही होत नाही, माहितीये मला. सगळं शिकलेय, परीक्षेत लिहिलंय. पण हातच पुढे येत नाही हो!"

सुनेने मान वळवली. म्हातारीने बर्फीचा तुकडा उचलला, सिस्टरच्या ओठांपाशी नेला आणि बाजारातल्या आवाजात ओरडली,

"हात राहूदे गो पोरी, तोंड उघड!"