खारीचा बाप

लिफ्टमनकाकांचा सगळा जन्म वर-खाली करण्यात गेला, पण उंचीची भीती काही गेली नाही. कचेऱ्यांच्या एका उंच इमारतीत ते लिफ्ट चालवायचे. साहेब, टायपिस्ट, चहाच्या किटल्या, जे येईल ते वर न्यायचं आणि खाली आणायचं. सगळ्यात वरच्या मजल्यावर म्हणे एक मोठी खिडकी होती, तिथून अर्धं गाव दिसायचं. काका नोकरीभर एकदाही त्या खिडकीपाशी गेले नाहीत. "पेटीत आहे तोवर मला काही वाटत नाही," असं ते म्हणायचे. पुढे नुसत्या बटणांवर चालणाऱ्या नव्या लिफ्ट आल्या आणि काका घरी बसले.

घरी बसल्यावर काळजी करायला भरपूर वेळ मिळाला. तशी ती त्यांच्या पाचवीलाच पुजलेली. गॅस बंद केलाय ना, हे बघायला ते रस्त्यावरून परत यायचे, आणि मग कुलूप नीट लागलंय ना, हे बघायला आणखी एकदा. काकू म्हणायच्या, "यांना काळजी करायला काही उरलं नाही, की यांना त्याचीच काळजी लागते." देवाला विनोदबुद्धी आहे यावर माझा विश्वास बसला तो इथे. कारण अशा माणसाच्या पोटी मुलगी आली ती सुतार झाली, आणि तीही खुर्च्या-टेबलांची नव्हे. उंचउंच छपरांचे लाकडी सांगाडे उभे करायचे, हे तिचं काम. जमिनीवर तिला करमायचंच नाही.

तिच्या पहिल्या कामावर काका बघायला गेले होते. एका सभागृहाचं छप्पर चाललं होतं. मुलगी तुळईवरून चालत होती, आणि खालून काकांनी सगळा जीव एकवटून आरोळी ठोकली, "सांभाळून!" मुलगी दचकली, हातातला हातोडा खाली पडला, आणि मुकादम अगदी थोडक्यात बचावला. पुढे कित्येक महिने ती टोळी तिला छळत होती. तिने चहाचा पेला उचलला तरी चारी बाजूंनी "सांभाळून!" असा गजर व्हायचा. शेवटी तिने काकांना काकूंच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली. पुन्हा तिच्या कामाच्या जागी पाऊल टाकायचं नाही.

शपथ पाळली गेली. छपरं होत गेली, काका घरात येरझाऱ्या घालत राहिले. आणि मग तो रोलर कोस्टर आला.

गावाबाहेरच्या बागेत नवा रोलर कोस्टर उभा राहणार होता, आणि तोही पूर्ण लाकडाचा. मुलगी नाचत घरी आली. त्याच मुकादमाची टोळी, आणि तिला थेट माथ्यावरचं काम. "बाबा, छपराच्या दुप्पट उंच असणार," ती म्हणाली. काकांनी हातातला घास परत ताटात ठेवला.

बागेच्या समोर, रस्त्यापलीकडे, गाड्या लावायची एक उंच इमारत आहे. एका सकाळी काका आपली छत्री घेऊन "जरा पाय मोकळे करून येतो" म्हणून निघाले आणि त्या इमारतीच्या जिन्याने वर चढू लागले. लिफ्ट होती, पण आत माणूस नसलेल्या लिफ्टवर त्यांचा विश्वास नव्हता. भिंतीला खेटून, कठड्याकडे न बघता ते गच्चीवर पोचले. त्यांचा हिशेब सरळ होता. शपथ कामाच्या जागेची होती, समोरच्या गच्चीची नव्हती.

गच्चीवर आधीच मंडळी होती. रोलर कोस्टरचे नादिष्ट. जगात कशाकशाचे नादिष्ट असतात, तसे हे. एक चित्रकलेचे मास्तर, एक दातांची डॉक्टरीणबाई आणि त्यांच्या मागे येणारी-जाणारी चार टाळकी. कोस्टर तयार झाल्यावर त्यात बसणारे पुष्कळ असतात, पण तो तुळईतुळईने कसा उभा राहतो हे बघण्यात यांना खरी गोडी. रोज कोणी ना कोणी यायचं. कठड्यापाशी मास्तरांनी जमिनीवर रंगाने दोन पावलं काढली होती. फोटो काढायचा तो त्याच पावलांवर उभं राहून. म्हणजे कालचा फोटो आणि आजचा फोटो एकमेकांवर ठेवला, की रात्रीत कोणती तुळई उगवली हे कळतं. ते फोटो डॉक्टरीणबाई संध्याकाळी दवाखाना आटोपता आटोपता इंटरनेटवरच्या त्यांच्या पानावर टाकायच्या.

"काका, तुम्हालाही लाकडाचा नाद?" मास्तरांनी विचारलं.

"हो," काका म्हणाले. दुसरं काय सांगणार!

कामगारांची नावं मंडळींना ठाऊक नव्हती, म्हणून त्यांनी आपली आपण ठेवली होती. मुकादम तो 'हत्ती'. एक उंच गडी होता, तो 'शिडी'. आणि हिरव्या पट्ट्याचं हेल्मेट घालून सरसर वर जाणारी एक होती, तिला ते 'खार' म्हणायचे. "आज खार कुठे दिसत नाही?" असं कोणी सहज म्हटलं, की काकांच्या काळजाचा ठोका चुकायचा. मास्तरांची दुर्बीण मागून घ्यायची, हिरवा पट्टा शोधायचा, सापडला की दुर्बीण परत करायची. पहिला उतार किती तिरका, वळण कुठे, यावर मंडळी हमरीतुमरीवर यायची. काका त्यात कधी पडले नाहीत. त्यामुळे मंडळींत त्यांचा मान फार वाढला. "काका बोलत नाहीत, पण त्यांच्यासारखा दर्दी नाही," मास्तर सांगायचे. ऊन असो, वारा असो, काका हजर. एका काडीला लाल चिंधी बांधलेली ती काळी छत्री गच्चीवर दिसली नाही, असा दिवस नव्हता.

माथा जोडला गेला तो दिवस मंडळींना सणासारखा होता. शेवटची तुळई बसली आणि गच्चीवर टाळ्या पडल्या. डॉक्टरीणबाईंनी लांब भिंगातून फोटो काढला आणि कॅमेऱ्याच्या मागच्या काचेवर मोठा करून सगळ्यांना दाखवला. अगदी टोकावर खार उभी होती. मागे नुसतं आभाळ, तिचे दोन्ही हात वरच्या फळीला, आणि चेहऱ्यावर हसू.

"हा आजच टाका!" मास्तर ओरडले. "असा फोटो वर्षात एकदा मिळतो."

काकांनी वाकून पाहिलं. मुलीच्या कमरेच्या पट्ट्याची दोरी खाली लोंबत होती. दोरीच्या टोकाचा हुक हवेत होता. कशालाच अडकवलेला नव्हता.

बाकी कोणाच्या ते लक्षात आलं नाही. हे लोक लाकूड बघतात, माणूस बघत नाहीत. पण मास्तर पुढे बोलून गेले, "कंपनीचे साहेब आपलं पान रोज बघतात हं. मागे आपल्या फोटोत एकजण बिनहेल्मेटचा दिसला, तर त्याला त्याच दिवशी घरी पाठवला."

काका घरी आले ते कसे आले, त्यांनाच ठाऊक. खुर्चीत बसून राहिले. आणि मग हळूहळू त्यांच्या मनात एक विचार शिरला. वाईटच होता, पण बापाचा होता. फोटो जाऊ दे. साहेब बघू दे. मुलगी घरी येईल, चार दिवस रडेल, पण जमिनीवर येईल. त्यासाठी काकांनी काहीच करायचं नव्हतं. नुसतं गप्प बसायचं. गप्प बसण्यात तर त्यांचा हातखंडा होता.

संध्याकाळी मुलगी आली. अंगाला लाकडाचा भुसा, आणि पायात बूट तसेच. "आई, माथा जोडला! मुकादम म्हणाले, शेवटचा बोल्ट तू पिळ. मी पिळला!" तिने काकूंना धरून गिरकी घेतली, आणि काकू "अगं, दूध उतू जाईल" म्हणत हसत सुटल्या. मग मुलगी मोरीत हातपाय धुताना गाऊ लागली. मुलीला गाता अजिबात येत नाही. लहानपणी गायची, तेव्हा शेजारी खिडक्या लावून घ्यायचे. मोठी झाल्यापासून काकांनी तिचं गाणं ऐकलं नव्हतं.

ते उठले. पायात चपला सरकवल्या आणि छत्री न घेता धावत सुटले.

दातांच्या दवाखान्यात एक गृहस्थ आ वासून, तोंडात कापसाचे बोळे धरून खुर्चीत पडले होते. काका सरळ आत घुसले.

"बाई, तो फोटो टाकू नका!"

"काका? अहो, काय झालं?"

"त्यात हुक सुटलेला आहे. तिची नोकरी जाईल. ती खार..." काकांना धाप लागली होती. "ती खार माझी मुलगी आहे हो."

डॉक्टरीणबाईंच्या हातातलं यंत्र तसंच घूं घूं करत राहिलं. खुर्चीतल्या गृहस्थांनी मान वळवून बघायचा प्रयत्न केला.

"म्हणजे तुम्ही लाकडासाठी येत नव्हता?"

"मला लाकडातलं ओ की ठो कळत नाही," काका म्हणाले.

बाईंनी यंत्र बंद केलं. फोटो टाकणार नाही, असं वचन दिलं. पण काका दाराशी पोचले तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, "काका, नोकरी वाचली. पण हुक लावला नव्हता, त्याचं काय?"

त्याचं काय, हे काकांनाही ठाऊक नव्हतं. मुलीला विचारावं, तर गच्ची उघडी पडणार, शपथ मोडल्याचा बोभाटा होणार. न विचारावं, तर जिवाला घोर. इकडे आड, तिकडे विहीर. शेवटी त्यांनी भित्र्या माणसाचा मार्ग धरला. बघायलाच जायचं नाही. छत्री खुंटीला राहिली. काका दिवसभर दाराशी बसायचे. फोन वाजला की उठायचे, रुग्णवाहिकेचा भोंगा ऐकला की देवापुढे जाऊन उभे राहायचे. जेवण अर्ध्यावर आलं. काकू एकदा म्हणाल्या, "अहो, पाय मोकळे करायला जात नाही हल्ली?" काकांनी ऐकलं न ऐकलंसं केलं.

आणि एके दिवशी भरदुपारी मुलगी दारात उभी राहिली. डाव्या हाताच्या अंगठ्याला हे एवढं बांधलेलं.

काका दाराशी बसले होते ते उठून उभे राहिले. काकूंनीच विचारलं, "हे काय गं?"

"हातोडा बसला. विशेष काही नाही, हाड शाबूत आहे." ती खुर्चीत बसली आणि काकांकडे बघत म्हणाली, "लक्ष नव्हतं माझं."

"कुठे होतं?" काकांनी विचारलं.

"समोरच्या गच्चीवर."

काकूंनी पटकन पाण्याचा तांब्या आणण्याचं निमित्त केलं.

"बाबा, लाल चिंधीची छत्री गावात एकच आहे. वरून सगळं दिसतं. पहिल्या आठवड्यातच मला कळलं. आधी फार राग आला. मग सवय झाली. वर चढलं की आधी बघायचं, छत्री आली का. आली की कामाला लागायचं. आणि आता इतके दिवस छत्री नाही. तुम्ही आजारी आहात, आणि आई माझ्यापासून लपवतेय, असं वाटायला लागलं. घरी बघावं, तर तुम्ही जेवतही नाही. विचारायचीसुद्धा भीती वाटली मला."

भीती! तिच्या तोंडून हा शब्द काकांनी पहिल्यांदा ऐकला. मग मात्र त्यांचा बांध फुटला. फोटो, लोंबणारा हुक, कंपनीचे साहेब, दवाखाना, सगळं त्यांनी सांगून टाकलं. "आणि खरं सांगू? आधी मी गप्पच बसणार होतो. म्हटलं, जाऊ दे नोकरी, पोर तरी खाली येईल."

मुलीने विचारलं, "मग गप्प का नाही बसलात?"

"तू गात होतीस."

ती उठली, पिशवीतून कमरेचा पट्टा काढला आणि त्यांच्या मांडीवर टाकला. पट्ट्याला दोन दोऱ्या होत्या, दोन हुक होते. "दोन असतात, बाबा. पुढे सरकायचं, तर आधी हा लावायचा आणि मगच तो सोडायचा. दोन्ही एकदम कधीच सुटत नाहीत. तुमच्या गच्चीवरून एकच बाजू दिसते, आणि तुमची मंडळी रोज त्याच दोन पावलांवर उभी राहतात! जरा चार पावलं सरकून बघितलं असतं, तर दुसरा दिसला असता."

काकांनी एक हुक दाबून पाहिला, मग दुसरा. दोन्ही चांगले कडक होते. काकू तांब्या घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "उद्या छत्री घेऊन जा. आणि आता दोघंही जेवा."

अंगठ्याची सूज उतरेपर्यंत मुकादमाने मुलीला हातोडा दिला नाही. नुसते बोल्ट तपासायचं काम दिलं, पण माथ्यावरच. ती कामावर परतली त्या दिवशी काका छत्री घेऊन गच्चीवर पोचले. डॉक्टरीणबाईंनी मास्तरांना सगळं सांगितलं असावं, कारण मास्तरांनी न मागता दुर्बीण पुढे केली. काका रंगवलेल्या पावलांवर उभे राहिले नाहीत. चार पावलं बाजूला सरकले. तिथून दुसरा हुक दिसत होता, पण अर्धाच, एक तुळई मध्ये येत होती. ते आणखी सरकले. मग जरा पुढे झाले. मग आणखी जरा.

जेवणाची सुट्टी झाली होती, हातोडे थांबले होते, रस्ताही शांत होता. आणि समोरच्या माथ्यावरून, सगळा जीव एकवटून मारलेली हाक आली.

"बाबा! सांभाळून!"

काकांनी दुर्बीण गळ्यात सोडली. ते कमरेपर्यंत कठड्याबाहेर वाकलेले होते. थेट खाली रस्ता होता, आणि रस्त्यावर काड्यापेट्यांएवढ्या गाड्या. समोर हत्तीने हाक उचलली, मग शिडीने, आणि मग अख्ख्या सांगाड्यावरून गजर सुरू झाला, "सांभाळून! काका, सांभाळून!"

काकांनी उजव्या हाताने कठडा पकडला. त्यांनी डावा हात मागे नेऊन चाचपत मास्तरांचा खांदा शोधला आणि घट्ट धरला. मगच उजव्या हाताने कठडा सोडला.