पोत्याचं तोंड

लातूरला आमच्या घरात पत्रकांचे गठ्ठे असायचे. बाबा मजकूर लिहायचे, मी घड्या घालायचे, आणि घालता घालता वाचायला शिकले. गावाची घाण उचलायचं काम ठरावीक माणसांच्याच हाती का, हा त्यांतला प्रश्न मला पाढ्यांसारखा पाठ होता. पुढे इस्लापूरजवळच्या एका गावात तिसरीला शिकवायला लागले, तेव्हा तोच विसरले.

कचऱ्याचा धडा मी पुस्तक मिटून घेतला. टाकलेली प्लास्टिकची पन्नी जाते कुठे, एवढंच विचारलं. कुणी नदीत म्हणालं, कुणी चुलीत. एक मुलगी मात्र उठून उभी राहिली.

"आमच्या शेळीच्या पोटात गेली, मॅडम. फुगून मेली ती. डॉक्टरनं पोट फाडलं तं एवढा गोळा." तिने दोन्ही हातांनी गोळा दाखवला.

पुढच्या रांगेतल्या एकाने मांडीखाली सरकवलेला बिस्किटाचा कागद हळूच खिशात घातला. धडा पोचला होता. मी तिथेच थांबायला हवं होतं.

पण मला कृती हवी होती. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर पोरांना जीपमधून सहस्रकुंडच्या धबधब्यावर नेलं. पाण्याकडे कुणी जायचं नाही असं बजावून वरच्या मोकळ्या जागेत सगळ्यांना हातमोजे आणि पोती वाटली. सहलीला आलेल्यांच्या पत्रावळ्या, बाटल्या, चिप्सची पाकिटं सगळीकडे पडली होती. पोरं कामाला लागली. शेळीवाली मुलगी तेवढी हात मागे बांधून उभी.

"तुझीच शेळी मेली ना? मग उचल की."

"म्या न्हाई उचलत."

"राणी हाय ती," मागून एक पोरगी म्हणाली. सगळे हसले. मला राग आला होता. मी म्हणाले, "नसेल उचलायचं तर सोमवारी शाळेत येऊ नकोस."

ती रडली नाही. जमिनीकडे बघत म्हणाली, "मव्ही आजी जलमभर लोकाइचं उचलत व्हती. आई म्हणती, तू आपलं आपलं उचल, दुसऱ्याचं न्हाई. हे म्या टाकलंय का?"

तिची आई कधी बाबांच्या सभेला आली नसेल, आमचं एकही पत्रक तिच्या हाती पडलं नसेल. तरी बाबांचं म्हणणं तिने लेकीला नीट सांगितलं होतं. आणि मी, त्या पत्रकांवर वाढलेली, आठ वर्षांच्या लेकरांना मोठ्यांचं खरकटं उचलायला लावून त्याला पर्यावरण म्हणत होते.

तेवढ्यात झाडाखाली जेवून उठलेल्या एका गृहस्थाने हाक मारली, "ए पोरींनो, हे पण घेऊन जा." त्याच्या पायाशी पत्रावळ्या तशाच होत्या.

मी काही बोलायच्या आत त्या मुलीने माझ्या हातातलं पोतं ओढून घेतलं. त्याच्यासमोर जाऊन तिने पोत्याचं तोंड दोन्ही हातांनी फाकवून धरलं.

"टाका, काका."

तो माझ्याकडे बघत राहिला. मीही त्याच्याकडे बघत राहिले. शेवटी त्याची बायको वाकली. तिने एकेक पत्रावळ गोळा करून पोत्यात टाकली आणि म्हणाली, "चुकलंच आमचं, बाळा." तो गाडीकडे निघून गेला.

मग मी पोरांचे हातमोजे काढून घेतले. पोरं पोती धरून माणसांपुढे उभी राहू लागली. काहींनी टाकलं, काही आमच्यावर खेकसले. आधीचा बराच कचरा तसाच राहिला.

परतीच्या जीपमध्ये ती मुलगी माझ्याशेजारी होती. तिने विचारलं, "मॅडम, मग सोमवारी येऊ का न्हाई?"

मी ते बोलून विसरलेही होते. ती तेव्हापासून तेच घेऊन फिरत होती.

"ये," मी म्हणाले. "मी चुकीचं बोलले. आईलाही सांग."

"आईला काय सांगू?"

"मॅडम चुकल्या म्हणून सांग."

तिने मान हलवली आणि खिडकीबाहेर बघायला लागली.